घरचं बियाणं

पेणच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले की माझी यादी बिघडते. मी यादीशिवाय बाजारात जात नाही. शनिवारी दुपारी, टपालाने आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर, दुकानांच्या क्रमाने सगळं लिहून काढते, म्हणजे पुढे गेल्यावर मागे वळावं लागत नाही. वर्षभर हे नीट चालतं. पौषात मात्र यादीत नसलेल्या शेंगा पिशवीत येऊन पडतात. या रविवारीही तेच झालं. टोपलीमागच्या बाईने विचारलं, "पोपटीला नेता का भाजीला?" मी म्हटलं, "नुसत्याच." ती हसली. "नुसत्या शेंगा काय देवासमोर ठेवनार, मॅडम?"

घरी येऊन मी त्या ताटात पसरल्या. वालाच्या शेंगेच्या कडेवरून बोट फिरवलं की हिरवट, तेलकट, किंचित कडू असा एक वास बोटाला लागतो. तो साबणाने जात नाही. दोन दिवस फळ्यावर लिहिताना, हजेरी घेताना तो येत राहतो. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं. त्या डॉक्टरकीचा वास हाच.

कोकणची गाडी रोह्याच्या पुढे नुकती धावू लागली होती, तेव्हाची गोष्ट. मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. पेण आणि रोहा तालुक्यांत गावोगावी जो कडवा वाल पिकतो, तो एका गावाचा दुसऱ्या गावापेक्षा किती वेगळा, हे ठरवायचं होतं. त्यासाठी मी दोन वर्षं हिंडून बी गोळा केलं. प्रत्येक गावाची पुडी वेगळी. पुडीवर गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, तारीख. हे बी दळायचं, त्यातली प्रथिनं एका पातळ पारदर्शक थरातून विजेच्या जोरावर पळवायची आणि मग निळा रंग द्यायचा. थरावर पट्टे उमटतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. वाण वेगळं तर शिडी वेगळी. अवघं संशोधन या एका वाक्यावर उभं होतं.

आणि दोन शिड्या सारख्या निघाल्या. एक रोह्याजवळच्या, कुंडलिकेच्या काठावरच्या एका गावाची, दुसरी पेण तालुक्यातल्या गागोद्याची. मध्ये दीड-दोन तासांची एसटी आणि एक अख्खा डोंगर. तरी एकही पायरी इकडची तिकडे नाही. माझे मार्गदर्शक कारखानीस सर थर उजेडाकडे धरून म्हणाले, "पाटणकर, तुम्ही पुड्या एकत्र केल्यात." मला, जी घरच्या मसाल्याच्या डब्यांवरही भरल्याची तारीख लिहिते, तिला! मी प्रयोग पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. शिड्या सारख्याच. सरांनी तिसऱ्यांदा नुसती मान हलवली. ते जास्त लागलं.

सर वाईट नव्हते, हे आधी सांगायला हवं. मोठं नाव होतं, त्यामुळे सारखे दौरे असत. मी लिहिलेलं प्रकरण त्यांच्या टेबलावर ठेवलं की तीन-चार महिन्यांनी परत येई. पहिल्या पानावर लाल शाईने स्वल्पविराम दुरुस्त केलेले असत. दुसऱ्या पानापासून कागद जसे दिले तसे, नवेकोरे. आम्हा चारही विद्यार्थ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही पहिलं पान फार जपून लिहायचो.

तिसऱ्या वर्षी मी सरांकडून परवानगी काढली, की सगळ्या गावांचं बी एकाच शेतात शेजारी शेजारी पेरून बघते. शेत मिळालं ते त्या कुंडलिकेकाठच्या गावातच, धर्मा नावाच्या शेतकऱ्याचं. त्या हंगामात मी मुंबई सोडून पेणला आई-वडिलांकडे राहायला आले आणि सकाळच्या एसटीने रोज रोह्याला जाऊ लागले.

वाल पेरायला फार थोडे दिवस मिळतात. भात कापून झालेलं असतं, शेतात खुंट उभे असतात, आणि जमिनीत पावसाची शेवटची ओल उरलेली असते. त्या ओलीवर पेरायचं. आठ-दहा दिवस उशीर केला की जमीन पायाला टणक लागते आणि वर्ष गेलं म्हणायचं. वर्षातून एकदाच येणारं पीक. त्यामुळे वालाच्या अभ्यासात चूक झाली की ती दुरुस्त करायला पुढचा कार्तिक लागतो. प्रयोगशाळेत बसणाऱ्यांना हे कधी नीट सांगता आलं नाही.

धर्मा पुढे नांगर धरून, त्याच्यामागे त्याची बायको जनाबाय बी टाकत, आणि सगळ्यांत मागे मी, वही आणि बांबूच्या खुंट्या घेऊन. एका गावाची एक पट्टी, तिच्या टोकाला एक खुंटी. खुंटीवर पत्र्याचा तुकडा, त्यावर गावाचं नाव. जनाबाय पन्नाशीची असेल. सारखी मागे वळून बघायची.

"येवढ्या खुंट्या कशाला गो बाय? बकऱ्या बांदायच्यात काय?"

"प्रत्येक गावाचा वाल वेगळा ओळखू यायला हवा ना."

"आनि उगवला का तो सांगनार, मी अमक्या गावचा म्हनून?"

धर्मा पुढून ओरडला, "हात चालव, तोंड नको." ती म्हणाली, "हातानं चाललाय तो वाल, तोंडानं नाय." आणि ओंजळीतून बी इतक्या सारख्या अंतरावर पडत राहिलं, की मी मोजपट्टी काढली आणि गुपचूप परत पिशवीत ठेवली.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी मला अजून जशाच्या तशा दिसतात. नदीवरचं धुकं शेताच्या बांधापर्यंत आलेलं असे. कंपन्यांच्या शिफ्टच्या बस त्यातून दिवे लावून जात, म्हणजे आधी दोन पिवळे ठिपके आणि मग आवाज. वालाला पाणी देत नाहीत. तो दवावर वाढतो. मला वाटायचं ही बोलण्याची रीत असेल, पण सकाळी पानाखाली हात घातला की मनगटापर्यंत ओला व्हायचा. आभाळ आलं तर मावा पडतो, म्हणून जनाबाय रोज आधी वर बघायची आणि मग माझ्याकडे. मी रोज पानं मोजायचे, फुलं मोजायचे, उंची घ्यायचे. वही भरत होती. आपण काहीतरी करतो आहोत असं मला त्याआधी आणि त्यानंतर इतकं वाटलेलं नाही.

पौषात शेंगा भरल्या. एके दिवशी जनाबायकडे पाहुणे येणार होते, पोपटी लावायची होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरायच्या, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा, ती पोपटी. त्यासाठी ती शेंगा खुडायला आली. मी तिला म्हटलं, माझ्या पट्ट्यांतलं काही घेऊ नका, कडेचं घ्या. ती कडेकडेने खुडत एका खुंटीशी थांबली. एक शेंग मोडली, नाकाशी नेली.

"ह्यो तर आमचाच."

"नाही जनाबाय, हा गागोद्याचा. वाचा ना, लिहिलंय."

"मला वाचता कुटं येतंय? वासानं सांगतंय. गागोद्याचा तोच आमचा. माज्या माहेरचा."

मी वही उघडली. सगळ्या गावांत मी एकच छापील तक्ता भरून घेतला होता. त्यात एक रकाना होता: बियाण्याचा स्रोत. या शेतापुढे मीच लिहिलं होतं: घरचे.

"तुमचं बी घरचं आहे असं तुमच्या यजमानांनी सांगितलं. मी लिहून घेतलंय."

"मग घरचाच हाय. दुकानातला हाय का? भावजयीनं दिलाय. तिसरा वरीस आला का पालटायचा. आमचा तिला, तिचा आमाला. नायतर वाल थकतो."

"म्हणजे घरचा नाही!"

जनाबायने शेंग ओटीत टाकली. "माहेर घर नाय तर काय धर्मशाळा हाय?"

मी विचारलं, सगळे असंच करतात का. ती म्हणाली, "बाया करतात. बाप्यांना काय ठावं? त्यांना इचारलास तर घरचा म्हनूनच सांगनार. घरात येतोय तो त्यांना दिसतोय, कुटनं येतोय तो नाय दिसत."

मी बाप्यांनाच विचारलं होतं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला. दोन वर्षं, गावामागून गाव, ओटीवर बसून, चहा पिऊन, मी विचारत गेले की बी कुठलं, आणि प्रत्येकाने सांगितलं, घरचं. मी प्रत्येक वेळी समाधानाने लिहून घेतलं. त्यांच्या लेखी घरचं म्हणजे विकत न आणलेलं. माझ्या लेखी घरचं म्हणजे इथलं. एवढ्या एका शब्दावर माझ्या सगळ्या पुड्यांची नावं लिहिलेली होती.

पुढचे आठ-दहा दिवस मी पुन्हा त्याच गावांतून हिंडले, या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून. एकीचं बी मोठ्या बहिणीच्या सासरचं, एकीचं मामीकडून आलेलं, एकीने स्वतःच्या लग्नात सोबत आणलेलं आणि पुढे दोन लेकींना वाटलेलं. गावांची नावं घातलेल्या माझ्या पुड्यांत खरं म्हणजे लेकी आणि सुना होत्या. घरी आले तर आई भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती सोलता सोलता म्हणाली, "मग त्यात काय? आपल्याकडे नाही का मावशीकडून यायचे?"

"आई! मला सांगितलं नाहीस?"

"विचारलंस कधी? तू कागद घेऊन गावोगाव हिंडत होतीस. घरात कुठे सापडत होतीस?"

त्या दिवशी मी थोडा वेळ आनंदात होते, हेही खरं. मी पुड्या एकत्र केल्या नव्हत्या. शिड्या सारख्या होत्या, कारण त्या सारख्याच असायला हव्या होत्या. हे सुख मुंबईच्या एसटीत बसेपर्यंत टिकलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "हं. मजेदार आहे," ते म्हणाले.

"सर, मग गावाची गावाशी तुलना उभीच राहत नाही."

"गृहीतकांमध्ये एक वाक्य टाका. प्रत्येक गावाचं बियाणं त्याच गावचं आहे, असं गृहीत धरलं आहे. झालं."

"पण ते खरं नाही ना, सर."

"पाटणकर, गृहीत धरायला ते खरं असावं लागत नाही. तिसरं वर्ष चालू आहे तुमचं. आता संपवा."

सामंत मॅडमना मी एका परिसंवादात ऐकलं होतं. रोह्याहून पुढे कोकणात जाणाऱ्या गाडीने चार-पाच तासांवर, एका शेतकी संस्थेत त्यांचा लहानसा गट होता. मी त्यांना पत्र लिहिलं आणि माघ सुरू होता होता जाऊन भेटले. त्यांच्या खोलीत खुर्च्यांवर बियांची पोती होती आणि माणसं खाली चटईवर बसली होती. मी बोलत असताना त्यांनी एकच प्रश्न मध्ये विचारला: "त्या बाईंचं नाव काय?" मी म्हटलं, जनाबाई. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "शुभा, तू चूक सापडली म्हणतेस, पण तुझं काम हेच आहे. बी कुठून कुठे गेलं, कोणी नेलं, का पालटलं. पट्टे नंतर बघू. ये माझ्याकडे."

अटी त्यांनी लगेच सांगितल्या. मला ते आवडलं. नवी नोंदणी, नवा आराखडा, सुरुवात शून्यापासून. वाल वर्षातून एकदाच, म्हणजे किमान तीन हंगाम. होळीनंतर त्यांच्या समितीची बैठक होती, त्याआधी सध्याच्या मार्गदर्शकांचं ना हरकत पत्र हवं. जागा एकच. "मी ती फार दिवस धरून ठेवू शकणार नाही," त्या म्हणाल्या, आणि निघताना मला त्यांच्या भागातल्या वालाची एक मूठ दिली. मी विचारलं, कुठल्या गावचा? त्या खूप हसल्या.

परतीच्या गाडीत मी यादी करायला घेतली. डाव्या पानावर राहण्याची कारणं, उजव्या पानावर जाण्याची. पूर्ण माघ ही यादी चालू होती. डावीकडे सतरा ओळी झाल्या, उजवीकडे चार. मी ती अनेकदा मोजली. यादीत सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या असतात, हा यादीचा दोष मला तेव्हा कळला नव्हता. 'इथला वजनकाटा चांगला आहे' ही एक ओळ, आणि 'तिथे खरं काय ते लिहिता येईल' हीसुद्धा एकच ओळ. मला अठ्ठाविसावं सरत होतं, वडील काही विचारत नव्हते पण वर्तमानपत्र जास्त वेळ वाचत होते, माझ्यासोबत सुरुवात केलेली मैत्रीण प्रबंध बांधायला देत होती. या सगळ्या ओळी खऱ्याच होत्या. खोटी एकही नव्हती. म्हणूनच त्यांच्यातून बाहेर यायला वाट मिळेना.

जनाबायला मी विचारलं. तिने शेंगांवरची नजर काढली नाही. "जायचा तर जा, ऱ्हायचा तर ऱ्हा. येवढा इचार आमी सोयरीक जमवताना पन नाय करत."

"तुमची सोयरीक कशी जमली?"

"बापूस म्हनला जा, म्हनून आलंय. पन माज्या हातात आसता ना, तर मी येवढ्या येलेत दोन गावा फिरून आलं आसतं."

आता इतक्या वर्षांनी माझे जुने विद्यार्थी अधूनमधून येतात. कोणी पुण्यात संशोधन करत असतं, कोणी मुंबईत. चहा होतो, इकडचं तिकडचं होतं, आणि कप खाली ठेवताना विचारतात, "मॅडम, गाईड बदलू का?" मी त्यांना अर्ज कसा करायचा ते नीट सांगते. कोणते कागद, किती प्रती, कोणत्या क्रमाने. पोच घ्यायला विसरू नका म्हणते. ते समाधानाने जातात. मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलेलं नसतं, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या येतं ते पुन्हा विचारत नाहीत.

ना हरकत. किती विचित्र शब्द आहे. तुमच्या जाण्याने आम्हाला आनंद नाही, दुःख नाही, आडकाठी तेवढी नाही. मी मात्र त्या पत्राचा धसका घेतला होता. सर हरकत घेणार याची मला खात्री होती. तीन वर्षं शिकवलं, सामग्री वापरू दिली, आणि आता काम हाताशी आलं तर निघालात? दुसऱ्या गटात जाऊन माझ्या कामातल्या चुका सांगणार? ते काय काय म्हणतील याची मी वेगळी यादी केली. अकरा मुद्दे. प्रत्येकापुढे माझं उत्तर. पेणहून मुंबईला जाताना एसटीत ती पाठ केली. हमरापूरच्या फाट्याशी एका टेम्पोत रंग न दिलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगा चढवत होते, तिथे बस बराच वेळ थांबली. तेवढ्यात माझे अकराही मुद्दे पुन्हा एकदा म्हणून झाले.

सर जिन्याशीच भेटले. कुठेतरी निघाले होते. मी उभ्या उभ्याच, मीच लिहून आणलेला ना हरकतीचा कागद पुढे केला आणि म्हटलं, "सर, मला याबद्दल जरा सविस्तर बोलायचंय." त्यांनी कागद वाचला. "सामंत? चांगल्या बाई आहेत," ते म्हणाले. भिंतीवर कागद टेकवून सही केली. तारीख घातली. "काही हरकत नाही. कपाटाची किल्ली कार्यालयात द्या, जूनमध्ये एक नवीन विद्यार्थी येतोय." मग दोन पायऱ्या उतरून थांबले. मला वाटलं, आता. ते वळून म्हणाले, "त्यात 'स्थलांतर' शब्दाचं शुद्धलेखन चुकलंय, बघा."

मी जिन्यात उभी राहिले. हातात, ज्यासाठी महिनाभर झोपले नव्हते, ते पत्र. अकरा उत्तरं तशीच तोंडात. तीन वर्षांत मी त्या माणसाला हरकत घेण्याइतकीही कुठे आडवी आले नव्हते.

यानंतर मी जायला हवं होतं. पत्र होतं, जागा होती, होळीला अजून बारा दिवस होते. रोह्याला गाडी रोज होती. पण वाल काढणीला आला होता, आणि मी ठरवलं, पीक निघालं की जाते.

वाल पहाटे उपटतात, दव असेपर्यंत. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. म्हणून दिवसाला दोन-तीन तासच काम, आणि माझ्या पट्ट्या पुष्कळ. प्रत्येक पट्टीचं पीक वेगळं उपटायचं, वेगळं वाळवायचं, वेगळ्या फडक्यावर काठीने झोडपायचं. चौथ्या दिवशी जनाबाय म्हणाली, "तू जा गो. मी करतंय सगला. तू गाडीत बस."

"तुम्ही कराल, पण सरमिसळ होईल. कुठला कुठल्या गावचा ते कळायचं नाही."

तिने काठी खाली टेकवली. "अजून काय वेगला हाय त्यात? तूच सांगितलास ना सगला फिरलेला हाय म्हनून?"

मी पुढचं फडकं पसरलं. ज्या नावांना काही अर्थ उरला नव्हता ती नावं नीट राहावीत म्हणून मी बारा दिवस राबले. गावात होळीची लाकडं गोळा होऊ लागली, मग ती रचली गेली, मग पेटली. पत्र वहीतच होतं. ते मी रोज बघत होते, घडी मोडू नये म्हणून पुठ्ठा घालून ठेवलं होतं.

मी का गेले नाही? जाण्याची भीती होतीच. पण त्याहून एक लाजिरवाणी गोष्ट होती, आणि ती मी कुठल्याच यादीत लिहिली नाही. सरांनी हरकत घेतली असती तर मी त्या रागावर निघून गेले असते. त्यांनी घेतली नाही, आणि माझ्याकडे दुसरं इंधन नव्हतं. सामंत मॅडमच्या चटईवर बसून काय करता येईल, याच्या ओढीने निघावं एवढा माझा स्वतःवर भरवसा नव्हता. मला इतकंच सिद्ध करायचं होतं की मी पुड्या एकत्र केल्या नाहीत. ते तर पौषातच सिद्ध झालं होतं.

होळीनंतर मी मुंबईला गेले. सरांना सांगितलं, "सर, मी जात नाहीये." ते काहीतरी वाचत होते. "बरं," ते म्हणाले, "काही हरकत नाही. किल्ली कार्यालयातून परत घ्या."

सामंत मॅडमचं पोस्टकार्ड आलं. वाट बघितली, जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागली, पुढच्या वर्षी प्रयत्न करू, एवढंच. खाली, जनाबाईंना नमस्कार. मी त्या आठवड्याच्या यादीत लिहिलं: सामंत मॅडमना उत्तर. ते झालं नाही म्हणून पुढच्या यादीत उतरवलं. मग त्यापुढच्या. असं ते कितीतरी महिने एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जात राहिलं, आणि एकदा कधीतरी उतरवायचं राहून गेलं. पुढच्या कार्तिकात मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रबंध दीड वर्षात पूर्ण झाला. गृहीतकांच्या यादीत चौथं वाक्य सरांनी सांगितलं तसं. थरावरच्या निळ्या पट्ट्यांची छायाचित्रं छान आली होती. परीक्षक म्हणाले, मांडणी अतिशय व्यवस्थित आहे.

बांधलेली प्रत घेऊन मी त्या पौषात रोह्याला गेले. धर्मा शेतावर होता. जनाबायने हात पुसून पुस्तक मांडीवर घेतलं, वजन करून बघितलं.

"येवढा जाडा? सगला वालाचाच?"

"सगळा वालाचाच."

"मंग आमचा काय लिवलास?"

मी कोष्टकाचं पान काढून दाखवलं. हे तुमचं गाव. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे सरकवलं. "आनि ह्या काय?"

"शेतकऱ्याचं नाव. बी ज्याचं, त्याचं."

"म्हंजे आमचे हे?"

"हो."

"आनि मी?"

मी पानं उलटली. शोधत असल्यासारखी, आधी थोडी, मग बरीच. त्या पुस्तकातली ओळ न् ओळ मीच टंकलेखकाशेजारी बसून तपासली होती.

"नाही," मी म्हटलं.

"भावजय?"

"नाही."

जनाबायने पुस्तक मिटलं. रागावली नाही. मग तिला हसू आलं.

"ह्यांना तर वाल खायाला पन आवडत नाय," ती म्हणाली, आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.